माल, दाते आणि पकड

सुश्रुतसंहितेत शस्त्रांचे आठ दोष सांगितले आहेत. वाकडे, बोथट, तुटके, खरखरीत धारेचे, फार जाड, फार बारीक, फार लांब किंवा फार आखूड शस्त्र वैद्याने हाती धरू नये. पण लगेच एक अपवादही नोंदवला आहे. करपत्राची, म्हणजे करवतीची, धार खरखरीतच हवी, कारण तिला हाड कापायचे असते. वीस शस्त्रांच्या यादीत बाकी सगळ्यांना जो दोष ठरतो, तोच एकीला गुण ठरतो आणि तो ठरवते समोरचे हाड. करवतीचा इतिहास सांगताना आपण बहुधा ताकदीचा इतिहास सांगतो: आधी माणसाचे दंड, मग पाणी, वारा, वाफ आणि शेवटी वीज. हा क्रम खरा आहे, पण त्यातून करवत कळत नाही. ती कळते दोन प्रश्नांतून. कापायचा माल कोणता आहे, आणि तो धरला कसा आहे? आज घरदुरुस्तीच्या आणि पाडकामाच्या जागी जी रेसिप्रोकेटिंग सॉ, म्हणजे पाते मागेपुढे चालवणारी विजेची करवत, दिसते, तिच्यापासून हात कसे वाचवायचे याचे उत्तरही याच दोन प्रश्नांत आहे.

इजिप्तमध्ये थीब्जला रेखमिरे या वजिराच्या थडग्याची खोली आहे, इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातली. तिच्या भिंतीवर सुतारकामाची चित्रे आहेत. त्यांत फळी जमिनीत रोवलेल्या खांबाला उभी बांधलेली आहे आणि सुतार वरून खाली करवत चालवतो आहे. या काळच्या करवती तांब्याच्या किंवा काशाच्या. असे पाते रेटले तर मध्येच वाकते, ओढले तर ताणले जाऊन सरळ राहते. म्हणून दात्यांची टोके मुठीकडे वळलेली असत आणि कापण्याचे काम ओढताना होई. फळी खांबाला बांधली नाही तर ओढीबरोबर तीही अंगावर येणार, म्हणून ती दोरी. पाते, दात्यांची दिशा आणि फळीची पकड या तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. त्यांतली एक बदलली की उरलेल्या दोन बदलाव्या लागतात. पुढे चौकटीची करवत आली. तिच्यात पाते दोन्ही टोकांना ताणून धरलेले असल्याने ते रेटतानाही कापू शकते. चौकटीच्या हॅक्सॉचे दाते पुढे तोंड करून बसवतात त्यामागचे कारण हेच.

दगडाने तर दातेच नाहीसे केले. इजिप्तमध्ये गिझाच्या परिसरातल्या बेसाल्टवर आणि खुफू राजाच्या ग्रॅनाइटच्या शवपेटीवर करवतीच्या खुणा आहेत, पण तांब्याचा दाता ग्रॅनाइटपुढे क्षणभरही टिकत नाही. कापत होती ती पात्याखाली टाकलेली कठीण वाळू. पाते फक्त तिला मागेपुढे फरफटवत होते. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात हेच सांगतो: लोखंड संगमरवर कापताना दिसते, प्रत्यक्षात वाळू कापते. त्याच्या मते इथिओपियाची वाळू सर्वांत चांगली, भारताची तिच्याखालोखाल. याच प्लिनीने ओल्या लाकडाबद्दलही एक नेमकी नोंद केली आहे. ओल्या लाकडाचा भुसा दात्यांच्या फटीत बसतो आणि करवत अडते, म्हणून दाते एकाआड एक दोन बाजूंना वाकवतात. त्यामुळे भुसा बाहेर पडतो. पाते अडकणे हा करवतीच्या अपघातांचा मूळ धागा आहे, आणि त्यावरचा उपाय जोर लावणे नाही हे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

आपल्याकडचे सर्वांत सुंदर उदाहरण शंखाचे. गुजरातमधल्या नागेश्वरला हडप्पाकाळात शंखाच्या वस्तू बनवण्याचा मोठा उद्योग होता, आणि तिथे टाकून दिलेल्या तुकड्यांवर बारीक पात्याच्या करवतीच्या खुणा सापडतात. बंगालमध्ये, ढाक्याच्या शांखारी बाजारात, विसाव्या शतकातही बांगड्यांसाठी शंख हाताने कापले जात. करवत जड, अर्धचंद्राच्या आकाराची. कारागीर जमिनीवर बसे, शंख पायांनी दाबून धरी आणि दोन्ही हातांनी करवत आडवी झुलवी. शंख गोल, कठीण आणि ठिसूळ. जरा हलला तर तडकतो. सगळा आधार पकडीचा होता.

ताकद बदलली तेव्हा काय झाले? आजच्या तुर्कस्तानात हायरापोलिस नावाचे प्राचीन नगर आहे. तिथल्या एका शवपेटीवर तिसऱ्या शतकातले कोरीव चित्र आहे: पाणचक्की, दातेरी चाके आणि दोन चौकटींच्या करवती, दगडाचे दोन ठोकळे कापणाऱ्या. चाकाची गोल फेरी मागेपुढे सरकण्यात बदलण्याचा हा आजवर सापडलेला सर्वांत जुना पुरावा मानला जातो. हॉलंडात 1590च्या दशकात कॉर्नेलिस कॉर्नेलिसझून याने पवनचक्कीला हीच युक्ती जोडून लाकूड चिरले. लंडनला 1768 साली लाइमहाउसमधली नवी पवनकरवत हाताने लाकूड चिरणाऱ्या मजुरांनी मोडून टाकली. त्यांच्या पोटावर आलेली ती गोष्ट होती आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण यंत्राच्या बाजूने पाहिले तर या सगळ्या गिरण्यांत एक गोष्ट समान आहे. पाते चौकटीत ताणलेले, आणि ओंडका किंवा ठोकळा घट्ट बसवलेला. ताकद वाढली तशी पकडही वाढली.

हे नाते 1951 साली सैल झाले. त्या वर्षी अमेरिकेतल्या मिलवॉकी कंपनीने ‘सॉझॉल’ हे हातात धरायचे विजेवरचे यंत्र, म्हणजे रेसिप्रोकेटिंग सॉच, बाजारात आणले. नावातच सगळे काही कापण्याचे आश्वासन होते. पाते एकाच टोकाला पकडलेले, दुसरे टोक मोकळे. चौकट गेली, गिरणीची बैठक गेली. इथे कोणी म्हणेल, मग मालाचा प्रश्न तर यंत्राने सोडवलाच, एकच यंत्र लाकूड, नळ, खिळे सगळे कापते. मला हे पटत नाही. प्रश्न सुटला नाही, तो यंत्रातून पात्याच्या पाकिटात गेला. लाकडाच्या पात्याला इंचाला साधारण सहा दाते असतात, कारण भुशाला जागा हवी. पत्र्याच्या किंवा पातळ नळीच्या पात्याला चौदा ते चोवीस. धातूच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते टेकले पाहिजेत. नाहीतर एक दाता कडेत अडकतो आणि तो तरी मोडतो किंवा यंत्र हाताला हिसका देते. बिडाच्या पाइपाला आणि कौलांना जे पाते लावतात, त्याला तर दातेच नसतात. कडेला टंगस्टन कार्बाइडचे कण चिकटवलेले असतात. प्लिनीची वाळू तिथे पात्यालाच डकवली आहे.

या यंत्राची पातीही बहुधा ओढताना कापतात, रेखमिरेच्या सुतारासारखी. यंत्राच्या तोंडाशी शू म्हणतात ती पट्टी असते. ती मालाला टेकवून ठेवली तर प्रत्येक ओढ मालाला त्या पट्टीवरच घट्ट बसवते. खांबाची जागा आता तिने घेतली आहे. ती उचलून, यंत्र हवेत धरून कापायला गेले की पात्याऐवजी नळ थरथरू लागतो आणि हातही. पाते इतके लांब हवे की ते पूर्ण मागे आले तरी टोक मालाबाहेरच राहील. टोक पलीकडच्या भिंतीवर आदळले की हिसका थेट मनगटात येतो. धातूला वेग कमी ठेवावा, नाहीतर पाते तापून दाते बोथटतात, आणि बोथट पात्यावर माणूस आपोआप जोर वाढवतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जुने कारागीर कुठे सुरक्षित होते? नव्हते. मुंबईच्या गोदीत 1817 साली जहाज बांधणाऱ्या वाडिया कुटुंबाने बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका सागवानाची आहे आणि इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. तिच्यासारख्या जहाजांच्या फळ्या हाताने चिरताना एकजण ओंडक्यावर उभा आणि दुसरा खाली. भुसा खालच्याच्या डोळ्यांत आणि छातीत. सागात सिलिका असते, तिने दाते लवकर मरतात, म्हणजे काम आणखी वाढते. त्या कष्टांचा गौरव मी करत नाही. चष्मा, हातमोजे, कानाचे बोळे, तोंडावरची पट्टी या साऱ्या गोष्टी वापरल्याच पाहिजेत. मुद्दा एवढाच की त्या घातल्याने चुकीचे पाते बरोबर होत नाही. भिंतीमागे वीजवाहिनी किंवा पाण्याचा नळ आहे का हे आधी बघून मुख्य बटण आणि चावी बंद करणे, हाही मालाचाच प्रश्न आहे. भिंत म्हणजे एकच पदार्थ नव्हे.

यंत्रच मालानुसार घडवले तर काय साधते ते दवाखान्यात दिसते. प्लास्टर कापायच्या करवतीचे पाते गोल असते, पण फिरत नाही. जागच्या जागी अगदी थोडे इकडेतिकडे हलते. कडक प्लास्टर हलत नाही म्हणून कापले जाते. खालची कातडी मऊ, ती पात्याबरोबर हलते आणि वाचते. तरी पाते तापू शकते आणि ताणलेल्या कातडीला इजा होऊ शकते, म्हणून तंत्रज्ञ ते खेचत नेत नाही, टेकवून उचलतो.

काही मालाला मात्र कोणतेच पाते योग्य नाही. महाराष्ट्रात जुन्या शेडवर आणि चाळींच्या पडव्यांवर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे अजून आहेत. रेसिप्रोकेटिंग सॉने ते सहज कापले जातात, आणि कापताना उडणारे तंतू फुप्फुसात वर्षानुवर्षे राहतात. असा पत्रा भिजवून, खिळे-बोल्ट सोडवून अख्खा उतरवावा लागतो. करवत तिथे न्यायचीच नसते.