बालकाचे पहिले वाद्य : पंचवटीच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

मुलास संगीत शिकवावयाचे ठरले म्हणजे त्याच्या हाती प्रथम कोणते वाद्य द्यावे, हा प्रश्न आजच्या पालकांस केवळ सोयीचा व खर्चाचा वाटतो. ज्या वाद्याचा शिक्षक जवळ राहतो ते वाद्य घरी येते, आणि बहुधा ते पेटी असते. परंतु या प्रश्नाला इतिहास आहे, व तो महाराष्ट्रात तरी सव्वाशे-दीडशे वर्षांहून फार जुना नाही. त्यापूर्वी बहुतेक घरांत हा प्रश्न उत्पन्नच होत नव्हता. तो कसा उत्पन्न झाला आणि पेटी हेच त्याचे उत्तर का ठरले, एवढाच विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी पंचवटीकडे पाहण्याचे कारण असे की, ज्या पुरुषाने संगीताचे शिक्षण गुरुगृहातून वर्गात आणले, त्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी आयुष्याच्या उत्तरार्धात याच गोदातीरी आपला आश्रम मांडला.

जुन्या व्यवस्थेत वाद्य निवडले जात नसे. ते वाट्याला येई. देवळातील सनई-चौघडा व पखवाज गुरवांच्या घरी, संबळ गोंधळ्यांकडे, हलगी मांगवाड्यात. ज्या घरात जे वाद्य, ते त्या घरातील मुलाचे पहिले वाद्य आणि बहुधा शेवटचेही. यात शिक्षणाची सोय होती हे नाकारता येत नाही. मूल पाळण्यात असल्यापासून तोच नाद ऐके. पण जन्माने लाभलेल्या या सोयीची दुसरी बाजूही होती. ज्या पंचवटीत १९३० साली काळाराम मंदिराच्या दारी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, त्या पंचवटीच्या संदर्भात वाद्यांच्या वंशपरंपरेचे कौतुक जपूनच करावयास हवे. देवापुढे कोणी वाजवावयाचे व कोणी वेशीबाहेर वाजवावयाचे, हे ठरविणारी व्यवस्था एकच होती.

या वाटणीतून काहीसे मोकळे राहिलेले वाद्य म्हणजे टाळ. भजनात व वारीत तो कोणाही मुलाच्या हाती जाई. त्याला सूर जुळवावा लागत नाही, बोट बसवावे लागत नाही, आणि चुकले तर ते लगेच सर्वांस कळते. शास्त्रग्रंथांकडे वळल्यास नारदीय शिक्षेने लाकडी वीणेच्या जोडीला गात्रवीणा सांगितली आहे. म्हणजे सामगान शिकणाऱ्याचा स्वतःचा हातच वीणा. हातावर ताल धरावयास लावून मुलास गाणे शिकविण्याची आपली रीत या कल्पनेच्या जवळची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वतः विष्णु दिगंबर संगीताकडे आले ते निवडीने नव्हे. १८७२ साली कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणी शोभेच्या दारूच्या स्फोटाने दृष्टी अधू झाली व शालेय शिक्षणाची वाट जवळजवळ बंद झाली, तेव्हा त्यांस मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती सोपविण्यात आले. तेथील शिक्षण गुरुगृहाचे होते : गुरूची सेवा, तंबोऱ्याची साथ, आणि दीर्घ काळ खर्जाची मेहनत. काय व केव्हा शिकावयाचे हे शिष्याने विचारावयाचे नसे. १८९६ साली ते मिरजेहून बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. वेळापत्रक, क्रमिक पुस्तके, स्वरलेखन, परीक्षा व शुल्क या सर्वांसह संगीत शाळेत आले. बडोद्यास मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ पासून होती हे खरे. पण तिला दरबाराचा आधार होता. लाहोरच्या संस्थेस मुख्यतः लोकांच्या वर्गणीवर व विद्यार्थ्यांच्या शुल्कावर उभे राहावयाचे होते.

वर्ग म्हटला की वीस मुले, एक शिक्षक व एक तास. या परिस्थितीत तंबोरा अडचणीचा ठरतो. तो जुळविण्यात तासातील बराच वेळ जातो. मिरजेचा पुरुषी मापाचा तंबोरा सात वर्षांच्या मुलाहून उंच असतो. आणि शिक्षकाची पट्टी व मुलाची पट्टी यांत अंतर असल्याने एकाच तंबोऱ्यावर दोघांचे भागत नाही. पेटीत या तिन्ही अडचणी नाहीत. ती जुळलेलीच येते, मांडीपुढे बसते, आणि शिक्षकास हवी ती पट्टी क्षणात देते. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झालेले हे पायाने वारा भरावयाचे वाद्य कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी हातभात्याचे केले, आणि मग ते जमिनीवर मांडी घालून गाणाऱ्या समाजास सोयीचे झाले. महाराष्ट्रात संगीत नाटकाने त्यास घरोघर ओळख दिली.

याहूनही बलवत्तर कारण सामाजिक होते, असे आमचे मत आहे. गळ्याची खरी साथ करणारे वाद्य सारंगी. तिच्यात मींड आहे, कण आहे, श्रुती आहे. पण सारंगी व तबला ही वाद्ये कोठीवरच्या गाण्याशी जोडलेली मानली जात, आणि पांढरपेशा गृहस्थ ती आपल्या मुलाच्या, विशेषतः मुलीच्या, हाती देण्यास धजत नसे. पेटी परदेशातून आलेली. तिला ना जात होती, ना बदनामी. मुलगी दाखविण्याच्या प्रसंगी पेटीवर एखादे पद म्हणून दाखविणे सभ्य समजले गेले, ते यामुळेच. पेटीने सारंगीला हटविले ते सुरेलपणाच्या बळावर नव्हे.

मात्र किंमत मोजावी लागली, आणि ती मुलाच्या कानाने मोजली. सप्तकाचे १२०० सेंट मानल्यास षड्जाशी ५:४ या प्रमाणात असणारा गांधार ३८६ वर येतो. समान अंतराने जुळविलेल्या पेटीचा गांधार ४०० वर आहे. ५:३ प्रमाणाचा धैवत ८८४ वर, पेटीचा ९०० वर. पंचमात मात्र फरक अवघा दोन सेंटांचा, म्हणून तो कोणास खटकत नाही. यातील विशेष असा की, तंबोऱ्याची जवारी नीट लागली असता खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार उमटतो, तो नेमका हा ५:४ चाच होय. म्हणजे तंबोऱ्याजवळ बसलेल्या मुलास, कोणी न शिकविता, योग्य गांधार ऐकू येत असतो. आणि पेटीजवळ बसलेल्या मुलास, मोठ्या दक्षतेने, चढा गांधार शिकविला जात असतो.

हा दोष जाणत्यांनी तेव्हाच ओळखला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुती-पेटी तयार झाली व १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेपुढे ती मांडण्यात आली. ती रूढ झाली नाही. झाली असती तरी बालवर्गास तिचा उपयोग किती, ही शंकाच आहे. जो गांधार गळ्याने शोधावयाचा तो पट्ट्या वाढवून मुलास सापडत नाही. पुढे मार्च १९४० पासून नभोवाणीने पेटीवर बंदी घातली, आणि ती सुमारे तीन दशके टिकली. गंमत अशी की, या काळात घरोघरची मुले पेटीवरच शिकत राहिली. आकाशवाणीला गवई हवे होते. वर्गाला शुल्क हवे होते.

विष्णु दिगंबरांच्या संस्थेत दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदत होत्या, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. शुल्क देणाऱ्यांचे वर्ग एकीकडे, आणि संस्थेतच राहून, जेवून, अनेक वर्षांच्या कराराने शिकणारा उपदेशक वर्ग दुसरीकडे. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर ही नावे या सहवासातून पुढे आली. मुंबईची इमारत कर्जापायी गेल्यावर ते नाशकास आले. पंचवटीतील रामनाम आधार आश्रमात वर्गाचा विस्तार मागे पडून रामनाम, रामायणाचे गायन व जवळ राहणारे शिष्य एवढेच उरले. ज्याने शाळा काढली तो अखेरीस पुन्हा गुरुगृहाशी आला, असा अर्थ यातून काढण्याचा मोह होतो. पण त्यात श्रद्धेइतकाच आर्थिक नाइलाजही होता, हे विसरता कामा नये.

जपानात शिनिची सुझुकी यांनी १९४६ पासून मात्सुमोतो येथे जी पद्धती वाढविली, तिचे मर्म लहान मापाच्या व्हायोलिनपेक्षा त्यांच्या गृहीतकात आहे : मूल मातृभाषा ऐकून शिकते, तसेच संगीतही. वाद्य हाती येण्यापूर्वी कान भरलेला असावा. आपल्याकडे हे काम तंबोरा करीत असे. म्हणून तो शिकणाऱ्याचे पहिले वाद्य होता, मग तो वाजविणारा हात दुसऱ्या कोणाचा का असेना. आज यंत्रावर तंबोरा ऐकावयास मिळतो, व त्यातील चांगल्यांचा गांधारही बरा असतो. तेव्हा वर्गातील जुनी अडचण पुष्कळशी दूर झाली आहे. तरीही आरंभीच्या परीक्षांची तयारी मुले पेटीच्या पट्टीवर बोट ठेवूनच करतात, कारण शिक्षकही तसेच शिकलेले असतात.

विष्णु दिगंबरांच्या अपत्यांपैकी जगले ते एकटे दत्तात्रेय. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस वडील निवर्तले, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पद्धतशीर तालीम पुढे विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांकडून मिळाली. १९३५ साली जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात ते गायले, तेव्हा त्यांचे वय चौदा वर्षांचे होते. १९५५ साली अकाली मृत्यू येईपर्यंत त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. त्यांतील गांधार तंबोऱ्याशी ताडून पाहावा, आणि मग त्याच रागाचा गांधार पेटीवर वाजवून ऐकावा.