विकरमापनाचा दिशाबदल

विकरांवरून रोग ओळखण्याची कल्पना आजची नव्हे. १९०८ साली यूलियुस वोल्गेमुट या जर्मन संशोधकाने डायास्टेजची क्रियाशक्ती मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. पिष्टात आयोडीन घातले असता निळा रंग येतो. विकराने पिष्टाचे विघटन केले असल्यास तो येत नाही. मूत्र उत्तरोत्तर विरल करीत जावयाचे आणि निळा रंग कोठे उमटू लागतो ते पाहावयाचे, एवढीच ही परीक्षा. स्वादुपिंडाच्या दाहाच्या निदानात तिचा पुढे दीर्घकाळ उपयोग झाला. १९५४ मध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की व कार्मेन यांनी हृद्‌स्नायूवरील तीव्र आघातानंतर रक्तरसातील ट्रान्सअ‍ॅमिनेजची क्रिया वाढते, असे दाखविले.

या दोन्ही पद्धतींचे गृहीत एकच आहे : विकराने आपले स्थान सोडून बाहेर यावे, मग त्याची परीक्षा करावी. परंतु अर्बुदाभोवतीची प्रथिनभेदक विकरे बहुतांशी जागच्या जागीच कार्य करतात. रक्तात ती अल्प आढळतात, आणि आढळली तरी निरोधकांनी जखडलेली असू शकतात. क्यूने याने १८७० नंतरच्या दशकात घडविलेली ‘एन्झाइम’ ही संज्ञा ‘किण्वात असलेले’ असे स्थान सांगते. ‘वि + कृ’ पासून साधलेला आपला ‘विकर’ शब्द कार्य सांगतो. (‘विकार’ हा शब्दही त्याच धातूचा, हे येथे सहज ध्यानात येते.) स्थानाकडून कार्याकडे वळण्यास प्रयोगशाळेला मात्र बराच काळ लागला.

ते वळण संगीता भाटिया यांच्या मॅसॅच्युसेट्स येथील गटाच्या २०१३ च्या निबंधात स्पष्ट दिसते. वोल्गेमुटने विकर पिष्टापाशी आणले. येथे विकराचे भक्ष्यच शरीरात पाठविले. लोह-ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर पेप्टाइडे जोडून ती उंदरांच्या रक्तात सोडली. विकराने पेप्टाइड छेदताच सुटलेला तुकडा वृक्कातून गाळला जाऊन मूत्रात उतरतो. मूळ कण आकाराने मोठा असल्याने गाळला जात नाही. यकृताची तंतुमयता व बृहदांत्राचा कर्करोग यांचे संकेत अशा रीतीने मूत्रात मिळाले. २०१४ मध्ये हीच परीक्षा कागदी पट्टीवर उतरली. २०१९ मध्ये लंडनच्या मॉली स्टीव्हन्स यांच्या गटाने, भाटिया यांच्या सहकार्याने, सुवर्णाचे सूक्ष्म पुंज वापरले. तेव्हा मूत्रपरीक्षेत पुन्हा निळा रंग अवतरला, परंतु आता तो रोगाचा सूचक होता.

या पद्धतीस ‘अनाक्रमक’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा : नमुना मूत्राचा असला तरी कण सुईनेच द्यावे लागत. २०२४ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी श्वासावाटे देण्याचे कण वर्णिले गेले व तो आक्षेप काहीसा सौम्य झाला. अधिक गंभीर प्रश्न निराळाच आहे. पेप्टाइड छेदणारे विकर अर्बुदाचेच असेल असे नाही; जखम भरताना किंवा साध्या दाहातही तत्सम विकरे जागृत होतात. अनेक पेप्टाइडे एकदम वापरण्याचे कारण हेच. उपरोक्त सर्व प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि एका वंशाच्या, एकाच आहारावर वाढलेल्या उंदरांत हा गोंधळ माणसांहून पुष्कळच कमी असतो.