सर्प, नागीण आणि हर्पिस

पाठीवर पुरळाचा पट्टा उठून आग होऊ लागली की वडीलधारी माणसं म्हणतात, ‘नागीण झाली.’ डॉक्टर म्हणतात, ‘हर्पिस झोस्टर.’ दोन्ही नावं एकाच बिळातली. ‘हर्पिस’ हा शब्द ‘हेर्पेइन’ म्हणजे सरपटणं या ग्रीक क्रियापदावरून आला. संस्कृत शब्दाच्या आरंभीच्या ‘स’च्या जागी ग्रीकमध्ये पुष्कळदा ‘ह’ दिसतो. आपलं सप्त ते त्यांचं हेप्टा. म्हणजे हेर्पेइन आणि आपला ‘सृप्’ धातू सख्खे भाऊ. सर्प, सरपटणं आणि आयुर्वेदातला ‘विसर्प’ हा त्वचारोगही त्याच कुळातले. ‘झोस्टर’ म्हणजे कमरपट्टा. विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, ही समजूत मात्र खोटी. पुरळ सहसा एकाच बाजूच्या मज्जातंतूच्या पट्ट्यात उठतं, त्यामुळे विळखा पुरा होण्याचा प्रश्न क्वचितच येतो.

ही नावं त्वचेवर दिसलं त्याची. पेशीत काय चालतं ते सांगायला दुसरा शब्द लागतो. १८७७मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी ‘एन्झाइम’ हा शब्द घडवला. त्याचा ग्रीक अर्थ ‘खमिरात’. मराठीत आपण म्हणतो ‘विकर’. त्यात वि आणि कृ, म्हणजे बदल घडवणं, ‘विकार’ही त्यातलाच.

नागिणीच्या विषाणूचा चुलतभाऊ म्हणजे ओठांवर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू. त्याचं ‘यूएस३’ नावाचं विकर पेशीतल्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं. पेशीकेंद्राच्या आतल्या अस्तराला लॅमिन प्रथिनांची जाळी असते. तिच्यावर फॉस्फेट बसलं की वीण सैल होते आणि केंद्रात तयार झालेल्या नव्या विषाणूंना बाहेर पडायला वाट मिळते. ‘आयसीपी०’ हे दुसरं विकर पेशीच्या पहारेकरी प्रथिनांवर ‘युबिक्विटिन’ची खूण करतं. हे नाव लॅटिन ‘उबिक्वे’, म्हणजे सर्वत्र, यावरून पडलं. खूण झालेली प्रथिनं पेशीचीच यंत्रणा मोडीत काढते. पेशीचे नियम तेच राहतात, फक्त शिक्का मारणारा हात विषाणूचा असतो.

क्यूनेंच्या शब्दातून खमीर तेवढं कळतं. आपल्या शब्दातून काम कळतं, आणि इथे तर त्या कामाचा परिणामही: विकर बदल घडवतं, त्यातून विकार होतो. इतका नेमका शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरता ठेवू नये, बोलण्यातही आणावा.