व्हिएन्नातले दोन वॉर्ड

आमच्या लहानपणी "बाळंतपण कुठे?" असे कुणी विचारले तर त्याचा अर्थ माहेरी की सासरी, एवढाच असे. बाळंतपण घरातच व्हायचे, हे धरलेलेच. आता याच प्रश्नाला दवाखान्याचे नाव हे उत्तर असते. या साध्या प्रश्नावर बाईचा जीव कसा टांगलेला असू शकतो, ते सांगणारी एक जुनी हकिगत आज लिहिते आहे.

व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात १८४० च्या सुमारास बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. घरच्या बऱ्या बायका घरीच बाळंत होत. इथे यायच्या त्या गरीब, पुष्कळशा लग्न न झालेल्या. उपचार फुकट आणि मुलाची सोय अनाथालयात, हा त्यांचा आधार. दोन्ही विभागांत भरती आळीपाळीने होई, एक दिवस इथे, एक दिवस तिथे. म्हणजे कळा कोणत्या वारी सुरू झाल्या, त्यावर नशीब!

१८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ बायका दगावल्या. दुसऱ्यात ३,७५४ पैकी १०५. शेकडा अकरा आणि शेकडा तीन. कारण सूतिकाज्वर.

हे आकडे दफ्तरात होते, पण बायकांना ते दफ्तर न वाचताच ठाऊक होते. पहिल्या विभागाचा वार आहे असे कळले की त्या हात जोडून, गुडघे टेकून दुसरीकडे घ्या म्हणून विनवत. आणखी नवल म्हणजे ज्या इस्पितळात पोचण्याआधी रस्त्यातच बाळंत होत, त्यांना हा ताप क्वचितच येई!

मोठे लोक हवेतल्या दोषाला, गर्दीला बोल लावत होते. वास्तविक गर्दी दुसऱ्या विभागातच जास्त, कारण बायका तिकडेच धावत. तिथल्या सहायक डॉक्टर इग्नाझ झेमेलवाइसने मात्र हा फरक मनावर घेतला. मार्च १८४७ मध्ये त्याचे स्नेही डॉ. कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून वारले आणि लक्षणे हुबेहूब त्या बाळंतिणींसारखी. उलगडा झाला. विद्यार्थी प्रेते फाडून तसेच बाळंतिणी तपासायला येत होते. सुइणी प्रेतांना हात लावत नसत. मे महिन्यात त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शेकडा अठरा बायका गेल्या होत्या, जुलैमध्ये जेमतेम सव्वा. तरीही बहुतेक वरिष्ठांना ते पटले नाही. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला.

झेमेलवाइसची थोरवी सगळे सांगतात. मला मात्र त्या गुडघे टेकणाऱ्या बायका विसरता येत नाहीत. रोगाचे कारण त्यांना माहीत नव्हते, पण धोका कुठे आहे ते अचूक माहीत होते. त्यांना विचारले मात्र कुणी नाही.

घरचे बाळंतपण सगळे चांगले, असेही नाही हो. काळोखी खोली, शेगडीचा धूर, आणि अडली तर बैलगाडी. माझ्या आईने ते सोसले. मी दवाखान्यात बाळंत झाले. जीवाची भीती कमी, पण कळा देताना जवळ आपले माणूस नाही आणि वर नर्सबाईंचा आरडाओरडा.

१९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातली चौथा हिस्साच बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत शंभरातली जवळजवळ एकोणनव्वद. याने किती जीव वाचले असतील! सरकारी दवाखान्यांत कळा देणाऱ्या बाईजवळ तिची एक नातेवाईक स्त्री थांबू शकते, हे केंद्र सरकारने मान्य केले ते मात्र २०१६ मध्ये. बायका तर ते कधीपासून मागत होत्या.

असो. घरात आई, आजी, मावशी असतील त्यांना एकदा विचारा, तुमचे बाळंतपण कुठे झाले आणि तिथे कसे वाटले? बहुतेकींना हे आजवर कुणी विचारलेले नसते.