चाकवाली संत

परवा भोपाळला अशोका गार्डनमध्ये भाचीकडे मुक्काम होता. तिची धाकटी माझं चित्रांचं पुस्तक चाळत होती. एका पानावर थांबून तिनं विचारलं, "आजोबा, ही राणी सूत कातते का?"

चित्र राफाएलचं, १५०७ च्या सुमारास काढलेलं, आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेलं. चाकाला टेकून आकाशाकडे पाहणारी संत कातारिना.

ते चाक चरख्याचं नाही, छळाचं आहे. कथा अशी : अलेक्झांड्रियाच्या या राजकन्येशी वाद घालायला सम्राटानं पन्नास पंडित बसवले. तिनं सगळ्यांना निरुत्तर केलं. चिडलेल्या सम्राटानं तिला खिळ्यांच्या चाकावर चढवायची आज्ञा दिली, तर चाकच मोडलं. शेवटी तलवारीनं तिचं मस्तक उडवलं. म्हणून युरोपच्या चित्रांत तिच्याजवळ चाक आणि तलवार दिसतात. काराव्हाज्जोनं १५९८ च्या सुमारास काढलेल्या चित्रात तर ती तलवार हाती धरून थेट आपल्याकडे पाहते.

आम्हा गोवेकरांना ही बाई परकी नाही. आल्बुकेर्कनं आदिलशाहीकडून गोवा शहर घेतलं ते २५ नोव्हेंबर १५१० ला, तिच्या सणाच्या दिवशी. म्हणून जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल तिच्या नावाचं. १५६२ साली त्याचं बांधकाम सुरू झालं. मुख्य वेदीमागच्या सोनेरी नक्षीकामात तिच्या आयुष्यातले आणि हौतात्म्याचे प्रसंग कोरले आहेत. तिचं चाक पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानच्या राजचिन्हातही गेलं.

पण खरी मेख व्हाइसरॉयच्या कमानीवर आहे. तिथली तलवारधारी स्त्री पायाखाली पडलेल्या माणसावर उभी आहे. युरोपात तिच्या पायाखाली असतो तिला मारणारा सम्राट. इथं त्याच्या डोक्याला पागोटं आहे. तो आदिलशहा असं मानतात. वादात जिंकलेली विदुषी आमच्याकडे लढाई जिंकलेली झाली! तिचा गुन्हा काय? फक्त तारीख जुळली.

आणि गंमत पाहा. ऐतिहासिक पुरावा नाही म्हणून १९६९ साली रोमनं तिचा सण सार्वत्रिक पंचांगातून काढला, तो २००२ मध्ये ऐच्छिक म्हणून परत घेतला. माणूस होता की नाही याची खात्री नाही, पण तिच्या नावानं झालेला विजय मात्र पक्का दगडात.

हे सगळं त्या पोरीला कसं सांगू? एवढंच म्हटलं, "कातत नाही गं. पण युरोपातले सूत कातणारे हिला आपली मानत."

"मग मी बरोबरच होते," ती म्हणाली.