फांगण्याची आजीबाईंची शाळा : पटावर कोण, वय किती?

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे हे छोटं गाव आहे. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, इथं आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती काढली. गावातल्या म्हाताऱ्या बायांना पोथी स्वतः वाचायची होती, सुरुवात तिथून झाली.

पटावर कोण?
सुरुवातीला पटावर तीसच्या आसपास नावं होती. सगळ्या बाया, वय ६० ते ९०. गणवेश गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर. वेळ दुपारी २ ते ४, कारण सकाळ घरकामात आणि रानात जाते. बाराखडी, अंक, पाढे आणि स्वतःची सही एवढा अभ्यास.

एवढ्या वयाच्या का?
साधा हिशोब करा. २०१६ ला ६० ते ९० वय म्हणजे जन्म १९२६ ते १९५६ चा. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरातल्या नऊच बाया साक्षर होत्या. १९६१ ला पंधरा. धाकटी भावंडं सांभाळायची, गुरांमागं जायचं, मग लवकर लग्न. भावाचं नाव पटावर लागलं, बहिणीचं राहून गेलं.

आपल्याकडं काय?
२०११ च्या जनगणनेत राज्यात सात वर्षांवरच्या शंभर पुरुषांपैकी ८८ साक्षर, बायांमध्ये ७६. आमच्या गावच्या सोसायटीत अजून काही बायांपुढं अंगठ्यासाठी शाईचं पॅड सरकवतात. कागदावर काय लिहिलंय ते दुसऱ्यानं सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं.

नाव कुठं नोंदवायचं?
१५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत चौकशी करा. पैसे लागत नाहीत. घरातला शिकलेला माणूस स्वयंसेवक म्हणून शिकवू शकतो. वाचन, लेखन आणि अंकज्ञान, प्रत्येकी ५० अशी १५० गुणांची परीक्षा होते. पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं.

अशा शाळेचा पट दोनच कारणांनी कमी होतो. एक तर बाया शिकून मोकळ्या होतात, नाहीतर वय होऊन जातात. दुसरं कुणाच्या हातात नाही. पहिल्यासाठी आज संध्याकाळी घरातल्या आजीला एवढंच विचारा, सही शिकायची का?