सुकी मासळी आणि मिठाचा कर

आपल्या कोळी ज्ञातीच्या इतिहासाविषयी लिहिताना होड्या, जाळी आणि दर्यावरील धाडस यांचे वर्णन आपण हौसेने करतो. परंतु पकडलेली मासळी टिकविण्याची जी विद्या मुख्यत्वे आपल्या मायबहिणींच्या हाती राहिली, तिचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः पावसाळ्यात दर्या बंद झाला म्हणजे घर चाले ते याच विद्येवर.

बोंबील, जवळा, करंदी ही मासळी मिठावाचून, केवळ ऊन व वारा यांवर सुकते. बोंबलाच्या अंगी शंभरांत पंच्याऐंशीच्या वर भाग पाणीच असते; तथापि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगली की पाणी निथळते आणि वारा सर्व अंगांनी खेळतो. पाणी आटले म्हणजे मासळी कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंचे काही चालत नाही. सुरमई, बांगडा अशा जाड वा तेलकट मासळीचे मात्र तसे नाही. बाहेरून वाळेपर्यंत ती आतून बिघडते. म्हणून ती चिरून मिठात खारवावी लागते.

येथेच सरकारचा संबंध आला. १८८२ साली मिठावर मणामागे २ रुपये कर होता, तो १८८८ मध्ये अडीच रुपये झाला. आणि मीठ पिकविण्याचा खर्च तर काही आण्यांचाच! या करामुळे खारवणीचा धंदा खुंटतो, हे डॉ. फ्रान्सिस डे यांनी १८७३ च्या आपल्या अहवालात दाखवून दिले होते. पुढे मद्रास इलाख्यात व पश्चिम किनाऱ्यावर खारवणीची सरकारी आवारे निघाली. तेथे सवलतीचे मीठ मिळे. परंतु मासळी आवारातच, अंमलदारांच्या नजरेखाली खारवावी लागे. खाऱ्या पाण्याच्या काठी जन्मलेल्यांनी मिठासाठी शिपायापुढे तिष्ठत राहावे, हा प्रकार विलक्षणच म्हणावयाचा.

बोंबलाला ही झळ लागली नाही. वाऱ्यावर कर बसविणे कोणत्याही सरकारला साधलेले नाही. उत्तर कोकणात सुक्या बोंबलाचा व्यापार टिकून राहिला, त्याचे हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

मिठाचा कर १ एप्रिल १९४७ पासून उठला. पुढे बर्फाची सोय होऊन ताजी मासळी दूरच्या बाजारी जाऊ लागली. तरी वेसावे, सातपाटी येथे दोऱ्यांवर बोंबील आजही दिसतात, आणि पारखण्याची रीतही जुनीच आहे: कडकन मोडला तर टोपलीत, वाकला तर पुन्हा दोरीवर.